बॉनेटखाली दुसरी बॅटरी : काय हलवावे आणि कशाला हात लावू नये

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका गाडीमालकाचा प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे २.२ लिटरचे डिझेल इंजिन असलेली सात आसनी गाडी आहे. ते कुटुंबासह भंडारदरा, माळशेज आणि काशीदच्या बाजूला मुक्कामाला जातात आणि ४० लिटरचा कॉम्प्रेसरवर चालणारा फ्रिज, तंबूतले दिवे व मोबाइलचे चार्जिंग यांसाठी त्यांना १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप) दुसरी बॅटरी बॉनेटखाली बसवायची आहे. मूळ बॅटरी डाव्या बाजूला आहे. उजवीकडे पुढे एअर फिल्टरचा डबा, त्याच्यामागे कूलंटची बाटली आणि मडगार्डच्या आतल्या पत्र्याला लागून काच धुण्याच्या पाण्याची टाकी आहे. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेटरने त्यांना सुचवले आहे की फिल्टरचा डबा चार इंच पुढे आणि थोडा खाली घ्यावा, कूलंटची बाटली फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या, कोपऱ्यात खाली उतरवावी, म्हणजे बॅटरी आरामात बसेल आणि काम अर्ध्या दिवसात होईल. बॉनेटखालचा फोटो पाठवून, असे करावे का, एवढेच त्यांनी विचारले आहे.

माझे स्पष्ट उत्तर असे की या पद्धतीने करू नये. रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात गाड्यांच्या वायरिंगचे काम करत माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि दुसऱ्या बॅटरीच्या कामात बिघडलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत बॅटरी उत्तम असते, वायरिंगही बरे असते. बिघाड बॅटरीसाठी हलवलेल्या वस्तूत असतो. बॉनेटखालची प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे असण्याला काही ना काही कारण असते. कुठे उंचीचे, कुठे उष्णतेचे, कुठे पाइपाच्या लांबीचे, तर कुठे रस्त्यावरच्या पाण्याचे. ते कारण नव्या जागी पाळले जात असेल तर वस्तू खुशाल हलवावी. पाळले जात नसेल तर कितीही सुबक ब्रॅकेट केले तरी ते काम चुकीचेच ठरते. फॅब्रिकेटरचा हात वाईट असतो असे मी म्हणत नाही. आपल्याकडे पत्र्याचे काम करणारे फार चांगले कारागीर आहेत. पण पत्रा कापणाऱ्याला मोकळी जागा दिसते. त्या जागेतून हवा, पाणी आणि उष्णता कशी वाहते हे पाहणे त्याच्या कामाचा भाग नसतो, आणि ते कोणीतरी पाहावेच लागते.

जागेकडे वळण्यापूर्वी १०० एएच या आकड्याकडे पाहू, कारण सगळी हलवाहलव त्या आकड्यापायी चालली आहे. ४० लिटरचा असा फ्रिज चालू असताना साधारण ५० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर चार अँपिअरच्या आसपास घेतो. तो सतत चालत नाही. कोकणच्या दमट उकाड्यात निम्मा वेळ चालतो असे धरावे. म्हणजे तासाला सरासरी दोन एएच, आणि संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत सुमारे २५ एएच. दिवे आणि मोबाइल मिळून आणखी पाच ते आठ. एका रात्रीची गरज ३० ते ३५ एएचची झाली. साधी शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून १०० एएचच्या बॅटरीतून ५० एएचच खऱ्या अर्थाने वापरता येतात. तिचे वजन २५ किलोच्या घरात जाते. याउलट लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची ५० एएचची बॅटरी ४० एएच सहज देते आणि तिचे वजन सहा-सात किलो भरते. म्हणजे तुमच्या गरजेला पुरणारी बॅटरी तुम्ही मनात धरलेल्या बॅटरीच्या निम्म्या आकाराची आहे. मात्र ही लिथियम बॅटरी बॉनेटखाली ठेवता येत नाही. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांना चार्जिंगच्या वेळी ४५ अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान चालत नाही, आणि मे महिन्यात गायमुखच्या चढावर गाड्या खोळंबलेल्या असताना बॉनेटखालची हवा ६० अंशांच्या वर सहज जाते. तिथे बॅटरीच्या आतले संरक्षक सर्किट चार्जिंग बंद करेल आणि दिवसभर गाडी चालवूनही रात्री फ्रिज चालणार नाही.

शिसे-आम्लाची बॅटरी या उष्णतेत लगेच बंद पडत नाही, पण झिजते. साधारण नियम असा आहे की बॅटरीचे तापमान कायम दहा अंशांनी जास्त राहिले तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. मूळ बॅटरीला कंपनीने बहुधा पुढच्या कोपऱ्यात, वाऱ्याच्या वाटेवर आणि बऱ्याचदा कापडी किंवा प्लास्टिकच्या आवरणात बसवलेले असते. ते आवरण धूळ अडवायला आहे असे समजून सर्व्हिसिंगच्या वेळी काढून टाकणारे लोक मी पाहतो. ते उष्णता अडवण्यासाठी असते आणि ते तसेच ठेवावे. दुसरी बॅटरी फायरवॉलकडे, टर्बोच्या बाजूला बसवली, तर मूळ बॅटरी चार वर्षे चालेल आणि दुसरी दोन वर्षांत निकामी होईल, हे गृहीत धरूनच ती बसवावी.

बॉनेटखालीच दुसरी बॅटरी हवी, असे एक सबळ कारण असते आणि ते म्हणजे विंच. चिखलातून गाडी ओढून काढणारी विंच पूर्ण भारावर ३०० ते ४०० अँपिअर घेते. एवढा प्रवाह डिकीतून पुढे आणायचा तर केबल इतकी जाड घ्यावी लागते की खर्च आणि वजन दोन्ही हाताबाहेर जातात. तिथे बॅटरी पुढेच हवी, आणि तीसुद्धा सेल्फ मारणाऱ्या प्रकारची, मोठा प्रवाह देऊ शकणारी. दुर्गम भागात एकट्याने जाणाऱ्या माणसाला मुख्य बॅटरी उतरल्यावर गाडी सुरू करता यावी, हेही कारण मी मान्य करतो. तुमचे कारण यांपैकी नाही. तरीही यापुढे मी बॅटरी बॉनेटखाली बसवण्याची आणि गाडीच्या आत बसवण्याची, अशा दोन्ही वाटा सांगतो, कारण कदाचित तुम्ही पुढे विंच बसवाल, आणि काय हलवता येते हे माहीत असणे तसेही उपयोगाचे आहे.

पहिल्यांदा कूलंटची बाटली, कारण तुम्हाला दिलेल्या सल्ल्यातला सर्वांत धोकादायक भाग तोच आहे. कूलंटच्या बाटल्या दोन प्रकारच्या असतात. जुन्या गाड्यांत दाबाचे झाकण रेडिएटरवर असते आणि शेजारची बाटली फक्त सांडलेले पाणी साठवते. गार झाल्यावर रेडिएटर ते परत ओढून घेतो. ती बाटली थोडी खाली-वर झाली तरी फारसे बिघडत नाही. अलीकडच्या बहुतेक डिझेल गाड्यांत मात्र रेडिएटरला झाकणच नसते. दाबाचे झाकण बाटलीवर असते, बाटली जाड प्लास्टिकची असते, आणि तिला खालून एक जाड नळी व वरून एक-दोन बारीक नळ्या आलेल्या असतात. या बारीक नळ्या सिलिंडर हेडच्या किंवा रेडिएटरच्या सर्वांत उंच ठिकाणाहून निघतात, आणि कूलंटमध्ये अडकलेली हवा त्यांच्यातून बाटलीत जाऊन वेगळी होते. हवा वर जाते, म्हणून बाटलीतली पातळी संपूर्ण शीतन व्यवस्थेत सर्वांत उंच असावी लागते. तुमच्या फोटोत बाटलीवर पिवळे झाकण आणि वर बारीक नळी स्पष्ट दिसते आहे. म्हणजे तुमची बाटली या दुसऱ्या प्रकारची आहे.

ती फायरवॉलच्या कोपऱ्यात खाली उतरवली की हवा हेडमध्येच अडकून राहते. जिथे हवा अडकते तिथल्या धातूला कूलंट लागत नाही आणि तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. कठीण गोष्ट अशी की तापमान मोजणारा सेन्सर हवेच्या पोकळीत आला तर तो खरी उष्णता दाखवत नाही, आणि काटा मधोमध स्थिर असताना हेड गॅसकेट, म्हणजे सिलिंडर हेडखालचे सील, जळत असते. अशी एक गाडी आमच्याकडे आली होती. बॅटरीसाठी बाटली एका वितीने खाली घेतलेली होती. मालकाची तक्रार एवढीच होती की घाटात चढताना काटा मध्येच वर जातो आणि पुन्हा खाली येतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडले तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, आणि हेडवरची बारीक नळी सैल करताच तिच्यातून कूलंट आले नाही, बराच वेळ नुसती हवा फुसफुसत राहिली. बाटली मूळ उंचीवर परत नेऊन व्यवस्थित हवा काढल्यावर काटा वर-खाली होणे थांबले. तो मालक वेळेत आला, म्हणून गॅसकेट वाचले. दाबाची गोष्टही लक्षात ठेवावी : एक बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि संपूर्ण व्यवस्था त्या दाबावर विसंबून असते. बाटली हलवताना नळ्या जोडून लांबवल्या, जोडावर साध्या पट्टीचे क्लॅम्प लावले, की गळती तिथूनच सुरू होते. उंची कायम ठेवून ही बाटली आडवी चार-सहा इंच सरकवता आली आणि नळ्या एकसंध, कूलंटसाठीच बनवलेल्या वापरल्या, तरच मी हे काम हातात घेतो.

एअर फिल्टरच्या डब्याचे दोन मुद्दे आहेत. फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्यापुढची-मागची नळी सरळ राहिली तरच तो खरे माप देतो. डबा सरकवला की नळीला नवे वळण येते, हवा भोवऱ्यासारखी फिरत सेन्सरवर जाते, आणि इंजिनाचे नियंत्रण चुकीच्या मापावर डिझेल आणि ईजीआर (जळालेला थोडा वायू इंजिनात परत सोडणारी व्यवस्था) चालवू लागते. मग पिकअप कमी होतो, धूर वाढतो, आणि बीएस-६ गाडीत धुराचा फिल्टर लवकर भरू लागतो. स्कॅनर लावला तरी नेमका दोष दाखवणारा कोड बऱ्याचदा येत नाही, त्यामुळे लोक इंजेक्टर बदलत बसतात.

दुसरा मुद्दा आपल्या शहरांचा आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्याचे हवा ओढणारे तोंड कंपनीने मुद्दाम वर, रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळ किंवा हेडलाइटच्या मागे ठेवलेले असते. डबा पुढे आणि खाली घेतला की तोंडही खाली येते. जुलैमध्ये भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सखल रस्त्यांवर काय होते ते आपण सगळे दरवर्षी पाहतो. साचलेले पाणी गुडघ्याएवढे असले तरी गाडी पुढे जाताना तिच्या नाकासमोर लाट उठते, समोरून बस आली तर तिचीही लाट येते, आणि पाणी बंपरच्या बरेच वर चढते. तुमच्या इंजिनात एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ५५० मिली आहे. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर आल्यावरच्या जागेचे गुणोत्तर, १६.५ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३५ मिली असते, म्हणजे चहाचे दोन घोट. याहून जास्त पाणी आत गेले तर पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टन वर जाऊ शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि हवेचे तोंड मालकाने स्वतः खाली आणले आहे हे सर्वेक्षकाच्या नजरेस आले तर तिथेही वाद होतो. म्हणून फिल्टरचा डबा हलवायचाच असेल तर त्याचे तोंड मूळ उंचीवर किंवा त्याच्याही वर राहील अशीच योजना असावी. बॅटरीच्या जागेसाठी मी तो हलवत नाही.

ज्यांना अजिबात हात लावू नये अशा वस्तू थोडक्यात सांगतो. एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाके जखडू न देणाऱ्या व्यवस्थेचे) युनिट आणि त्याला आलेल्या ब्रेकच्या धातूच्या नळ्या वाकवून बाजूला घेऊ नयेत. युनिट सुटले की ब्रेकमधली हवा काढायला स्कॅनर लागतो आणि नळीला पडलेली एक चुणीसुद्धा पुढे तडकते. एअरबॅगचे पुढचे सेन्सर रेडिएटरच्या चौकटीवर असतात. ते हलवू नयेत आणि त्यांच्या शेजारी जाड लोखंडी ब्रॅकेटही बसवू नये, कारण टक्कर झाल्यावर पत्रा कसा चुरगळतो यावर त्यांचे काम अवलंबून असते. एसीच्या नळ्या गॅस काढल्याशिवाय हलत नाहीत. डिझेल फिल्टर हलवला की डिझेल ओढले जाते त्या बाजूला हवा शिरण्याची नवी ठिकाणे तयार होतात. फ्यूज बॉक्स हलवण्यासाठी हार्नेसमधल्या (गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्यातल्या) पन्नासेक वायरी कापून जोडाव्या लागतात, आणि आपल्या दमट, खारट हवेत असे जोड दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. पॉवर स्टिअरिंगच्या तेलाची बाटली असेल तर ती पंपाच्या वरच राहायला हवी.

मग उरते काय, तर काच धुण्याच्या पाण्याची टाकी, हॉर्न आणि क्वचित एखादी रिकामी ब्रॅकेट. तुमच्या गाडीत टाकीचे काम नीट केले तर मडगार्डच्या पत्र्याला लागून ४० ते ४५ एएचची बॅटरी बसेल एवढी जागा मिळेल असे फोटोवरून दिसते. टाकीच्या बुडाशी छोटी मोटर असते आणि ती पाणी ढकलते, ओढत नाही. म्हणून मोटर कायम टाकीच्या तळाशी, पाण्याखाली राहिली पाहिजे. टाकी बदलून लहान, उभी टाकी मडगार्ड आणि त्याच्या प्लास्टिकच्या अस्तरामध्ये बसवता येते. भरण्याचे तोंड तेवढे वर आणावे. टाकी खाली गेली की काचेपर्यंतची नळी लांबते, पाणी प्रत्येक वेळी मागे उतरते आणि बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंदांनी फवारा येतो. घाटात समोरच्या ट्रकने चिखल उडवल्यावर हे दोन सेकंद फार मोठे असतात. यासाठी नळीत एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह घालावा. तो स्वस्त असतो आणि कोणत्याही चांगल्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. अस्तर बसवताना पुढचे चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि शक्य असेल तर एका बाजूने जॅक लावून पाहावे, म्हणजे टायर टाकीला घासत नाही याची खात्री होते. हॉर्न हलवताना त्याचे तोंड खाली किंवा पुढे-खाली ठेवावे. वर तोंड केलेला हॉर्न पहिल्याच पावसात पाणी धरतो.

बॅटरीच्या ट्रेचे काम फॅब्रिकेटरकडूनच करून घ्यावे, पण माप आपण द्यावे. ४५ एएचची बॅटरी ११-१२ किलोची असते. जोराच्या टकरीत तिच्यावर स्वतःच्या वजनाच्या वीसपट बल आले तर ते दोनशे किलोंच्या पुढे जाते, आणि बारीक पत्र्याला दोन स्क्रूंनी लावलेला ट्रे हे बल झेलू शकत नाही. तीन मिलिमीटरचा अँगल, किमान चार बोल्ट, आणि ते मूळ गाडीत आधीच असलेल्या जाड भागाच्या छिद्रांत. मडगार्डच्या पातळ पत्र्याला नवे भोक पाडावे लागलेच तर मागून जाड पट्टी द्यावी. गाडीवर थेट वेल्डिंग करू नये. ट्रे बाहेर वेल्ड करून, घासून, इपॉक्सी प्रायमर आणि वर रंग देऊन आणावा, कारण खाडीकाठच्या हवेत कच्चे लोखंड एका पावसाळ्यात लाल होते आणि बॅटरीच्या आम्लाची वाफ त्यात भर घालते. बॅटरी वरच्या पट्टीने आणि बुडाशी असलेल्या कडेवरच्या क्लॅम्पने, अशी दोन्हीकडून धरावी. टर्मिनल आणि बॉनेटच्या खालच्या पत्र्यामध्ये किमान तीन सेंटिमीटर अंतर हवे. ते मोजण्यासाठी टर्मिनलच्या जागी मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करावे आणि मग गोळ्याची उरलेली जाडी मोजावी. पॉझिटिव्ह टर्मिनलवर रबरी टोपी असलीच पाहिजे. इंजिन सेल्फ मारताना आणि बंद होताना आपल्या माउंटिंगवर झुलते, हेही विसरू नये. इंजिनाच्या कोणत्याही भागापासून अडीच-तीन सेंटिमीटर मोकळे राहावे.

आता वायरिंग. दोन बॅटऱ्या नुसत्या समांतर जोडून ठेवू नयेत, कारण फ्रिजने रात्री दोन्ही उतरवल्या तर सकाळी सेल्फ लागणार नाही. जुन्या गाडीत व्होल्टेज पाहून जोडणारा रिले पुरतो : आल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या आसपास गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या अनेक गाड्यांत आल्टरनेटरचे व्होल्टेज इंधन वाचवण्यासाठी कमी-जास्त केले जाते. गाडी चालू असूनही ते १२.५ पर्यंत उतरते आणि रिले मध्येच सुटतो. अशा गाडीत डीसी-डीसी चार्जरच लागतो, म्हणजे येणारे व्होल्टेज कमी-जास्त झाले तरी दुसऱ्या बॅटरीला योग्य व्होल्टेज देणारा चार्जर. तुमची गाडी कोणत्या प्रकारची आहे हे मुख्य बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर पाहून कळते. तिथे छोटा, दोन-तीन वायरी आलेला सेन्सर असेल तर ती हुशार आल्टरनेटरची गाडी समजावी. त्या सेन्सरला वळसा घालून काहीही जोडू नये. दुसऱ्या बॅटरीचे निगेटिव्ह चॅसीवर किंवा सेन्सरच्या पलीकडच्या अर्थिंगच्या बोल्टवर द्यावे, मुख्य बॅटरीच्या खांबावर कधीही देऊ नये. नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो आणि मुख्य बॅटरी अर्धवट चार्ज राहू लागते.

फ्यूज दोन लागतात, एक मुख्य बॅटरीजवळ आणि एक दुसऱ्या बॅटरीजवळ, दोन्ही टर्मिनलपासून २० सेंटिमीटरच्या आत. मधल्या केबलला दोन्ही टोकांनी वीज मिळते, त्यामुळे एका बाजूच्या फ्यूजने तिचे संरक्षण होत नाही. हा मुद्दा मी प्रत्येक ग्राहकाला कागदावर काढून दाखवतो, कारण बॉनेटखालच्या आगी बहुधा इथूनच सुरू होतात. केबल घरच्या वायरिंगची घेऊ नये. तिचे आवरण साधारण ७० अंशांसाठी असते. वाहनांसाठीची, १०५ अंश किंवा त्याहून अधिक सोसणारी केबल घ्यावी, तिच्यावर कोरुगेटेड नळी चढवावी, फायरवॉलमधून नेताना रबरी ग्रोमेट घालावा आणि प्रत्येक वितीवर आधार द्यावा. एका गाडीत मी उघडून पाहिले तेव्हा केबल ट्रेच्या कापलेल्या कडेवरून गेलेली होती आणि कंपनाने आवरण घासून आतले तांबे नखाएवढे उघडे पडले होते. पत्रा आणि तांब्यात कागद जाईल एवढेच अंतर राहिले होते. लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, हायड्रॉलिक साधनाने दाबून घ्यावेत, हातोडीने ठोकू नयेत.

आता मी तुमच्यासाठी सुचवतो ती वाट. ५० किंवा ६० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मागच्या आसनाखाली किंवा डिकीच्या तळाशी, जिथे ऊन थेट लागत नाही आणि एसीची हवा थोडीफार पोहोचते अशा जागी बसवावी. २० अँपिअरचा, लिथियमसाठीची सेटिंग असलेला डीसी-डीसी चार्जर तिच्या शेजारी बसवावा. हा चार्जर मुख्य बॅटरीकडून सुमारे २५ अँपिअर घेतो, म्हणून पुढे ४० अँपिअरचा फ्यूज चालतो. पुढून मागे पाच मीटर केबल धरली तर जाऊन-येऊन दहा मीटर होते. चार चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये एवढ्या प्रवाहाला एक व्होल्टच्या वर पडतो, १६ चौरस मिलिमीटरमध्ये पाव व्होल्टच्या थोडा वर. इथे पैसे वाचवू नयेत. ठाण्याहून माळशेजला पोहोचेपर्यंत अडीच तास लागले तरी बॅटरीत ४० एएचहून अधिक भरले जातात, म्हणजे रात्रीची सोय वाटेतच होते. बॉनेटखाली मग फक्त एक फ्यूज आणि एक केबल येते. फिल्टर, कूलंट, टाकी सगळे जागच्या जागी राहते. शिसे-आम्लाची साधी बॅटरी मात्र आत ठेवू नये. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो.

तिसऱ्या रांगेतले आसन काढून तिथे बॅटरीचे कायमचे खोके करण्याचा विचार असेल तर तो सोडावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि आसनसंख्या हा त्यांतलाच तपशील आहे. दुसऱ्या बॅटरीची आणि चार्जरची पावती जपून ठेवावी, विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि गाडी वॉरंटीत असेल तर मूळ हार्नेस कुठेही न कापता काम करून घ्यावे.

काम झाल्यावर गाडी लगेच मुक्कामाला नेऊ नये. इंजिन चालू, एसी, हेडलाइट आणि फ्रिज सगळे चालू ठेवून अर्धा तास गाडी उभी करावी आणि प्रत्येक जोडावर, फ्यूजच्या दोन्ही टोकांवर हात जवळ नेऊन पाहावे. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे. मीटरने मुख्य बॅटरीवरचे आणि चार्जरच्या आत जाणाऱ्या टोकांवरचे व्होल्टेज एकाच वेळी मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टच्या वर असला तर केबल किंवा अर्थिंग तपासावे. ५०० किलोमीटरनंतर ट्रेचे आणि टर्मिनलचे सगळे नट पुन्हा आवळावेत. त्यानंतर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, एकदा अर्थिंगचा बोल्ट उघडून खालचा पत्रा घासून चकचकीत करावा, बोल्ट घट्ट बसवावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.